वाशिमच्या डोक्यावरची रेघ

अकोल्याजवळ शिवणीला एक विमानतळ आहे आणि नांदेडला एक. नकाशावर या दोहोंमध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती वाशिम शहरावरून जाते. चुकली तर दोन-तीन किलोमीटरनं, त्याहून जास्त नाही. शिवणी ते वाशिम हवेतलं अंतर ६६ किलोमीटर, वाशिम ते नांदेड विमानतळ १०५, आणि शिवणी ते नांदेड सरळ १७१. बेरीज तंतोतंत जुळते, कारण वाशिम त्या रेघेवरच बसलेलं आहे. ही अंतरं अक्षांश-रेखांश घेऊन काढावी लागतात. तिकिटावर ती छापलेली सापडायची नाहीत. या रेघेवरून प्रवाशांचं नियमित विमान जातच नाही.

फोनला मात्र याचं काही वाटत नाही. त्याला दोन विमानतळांची नावं द्या, तो क्षणात अंतर सांगतो आणि वर वेळही सांगतो. वेळ काढण्याची रीत ठरलेली असते: ताशी आठशे किलोमीटर वेग धरायचा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा. त्या हिशेबानं शिवणी ते नांदेड पाऊण तासाच्या आतच. गणितात चूक नाही. पण हा पाऊण तास कोणासाठी आहे, हे गणिताला कोणी विचारत नाही. जगातल्या कुठल्याही दोन धावपट्ट्यांमधला प्रवास असा कागदावर करून मिळतो, मग तिथं विमान उतरत असो की ढोरं चरत असोत.

वाशिम जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ नाही. अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. २०१८ मध्ये नीती आयोगानं देशातले मागे पडलेले जिल्हे निवडून त्यांना ‘आकांक्षित’ असं गोड नाव दिलं, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादबरोबर वाशिमचाही नंबर लागला. अशा जिल्ह्याला ‘सर्वांत जवळचा विमानतळ कोणता’ हा प्रश्न चैनीचा वाटेल. पण आखातात कामाला गेलेल्याच्या घरी, पुण्या-बंगळुरात नोकरी करणाऱ्या पोराच्या घरी आणि परगावच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी हातात पडलेल्या घरी तो नेहमी विचारला जातो.

त्याचं उत्तर दर काही वर्षांनी बदलतं. सरळ रेषेत मोजलं तर शिवणी सर्वांत जवळ. पण तिथली धावपट्टी आखूड आहे. ती वाढवायची तर पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन लागते, आणि त्या जमिनीच्या चर्चेत अकोल्याच्या कितीतरी निवडणुका होऊन गेल्या. तेव्हा ६६ किलोमीटरवरचा विमानतळ असूनही नसल्यासारखा.

मग नांदेड. २००८ मध्ये शिखांच्या गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीसाठी तिथला विमानतळ नव्यानं उभा राहिला, आणि २००९ मध्ये राज्यातल्या आणखी चार छोट्या विमानतळांसोबत तो दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं एका खासगी कंपनीकडे गेला. लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद हे ते चार. त्यातला यवतमाळ वाशिमच्या पूर्वेला. ‘आपल्या भागात विमानतळ आहे’ असं म्हणण्यापुरता त्याचा आधार. तिकीट काढायला गेलं तर काही नाही.

२७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्यातून ‘उडान’ योजनेचं पहिलं विमान सोडलं, तेव्हा त्याच कार्यक्रमात नांदेड–हैदराबाद विमानालाही झेंडा दाखवला गेला. ट्रूजेट नावाची कंपनी आणि एटीआर जातीचं पंख्याचं विमान. नांदेड ते हैदराबाद सरळ अंतर सुमारे २४५ किलोमीटर. हिंगोली-वाशिमकडच्या माणसाला एकदम हैदराबाद, आणि तिथून पुढे आखातापर्यंतची वाट उघडली. २०२२ मध्ये ती कंपनीच बंद पडली. २०२४ च्या मार्चअखेर स्टार एअरनं नांदेडहून पुन्हा विमानं सुरू केली. मधल्या काळात वाशिम नांदेडपासून एक इंचही सरकलं नव्हतं. अंतर तेच राहिलं, पण विमान पकडायचं तर वेळ कितीतरी पट झाला.

‘उडान’च्या सुरुवातीच्या नियमांत एक मजेशीर समीकरण आहे. सुमारे ५०० किलोमीटरचं उड्डाण म्हणजे एक तास, आणि एका तासाला निम्म्या जागांसाठी जास्तीत जास्त २,५०० रुपये भाडं. सरकारी कागदावर अंतर, वेळ आणि पैसा यांची अशी सोयरीक जमली. आता अमरावतीचं उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोरा विमानतळावरून अलायन्स एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं. तेही एटीआर, आठवड्यातून तीन दिवस. बेलोरा ते मुंबई सरळ अंतर ५४२ किलोमीटर. वेळापत्रकानुसार लागणारा वेळ पावणेदोन तास. म्हणजे सरासरी वेग ताशी ३१० किलोमीटर. हेच विमान हवेत सरळ उडताना ताशी पाचशेच्या आसपास जातं.

उरलेला वेळ कुठं गेला? काही धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात, काही उंची गाठण्यात. सर्वांत मोठा वाटा मुंबईचा. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत. मोठ्या विमानांच्या रांगेत हे छोटं विमान मध्येच घुसवायचं, त्याच्या पुढं-मागं जास्त अंतर ठेवायचं, गर्दी असली तर आभाळात घिरट्या घालायला लावायच्या. वेळापत्रक करणारे हे सगळं आधीच धरून चालतात. म्हणून विमान वेळेवर आलं असं आपल्याला वाटतं. ताशी आठशेचं गणित त्या रांगेत उभं राहत नाही.

आणि वाशिमकराला त्याहूनही आधी सुरुवात करावी लागते. वाशिम ते मुंबई सरळ रेषेत ४६१ किलोमीटर, मुंबई नैर्ऋत्येकडे आणि जवळजवळ पश्चिमेला. बेलोरा ईशान्येला. म्हणजे मुंबईला जाण्यासाठी आधी मुंबईकडे पाठ करायची, शेलूबाजार, कारंजा करत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवायचा, आणि मग त्याच आभाळातून मागं यायचं. रस्त्याला सव्वादोन तास धरा. विमानतळावर सव्वा तास आधी हजर. पावणेदोन तास विमानात. मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास. झाले सहा तास.

आता दुसरा रस्ता. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेल्यावर ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता वाहता झाला. वाशिमहून निघून शेलूबाजारला किंवा मालेगावला महामार्गावर चढायचं, गाडीला ताशी १२० ची मर्यादा, आणि भिवंडीजवळ आमण्याला उतरायचं. पुढं मुंबईच्या गर्दीचे दोन-तीन तास नशिबावर. घरापासून घरापर्यंत साडेसात-आठ तास. विमानाशी तुलना केली तर फरक दीड-दोन तासांचा, आणि हे गाडी आपल्या वेळेला निघते हे धरल्याशिवायच.

इथं समृद्धीची स्तुती करून पुढं जाणं मला जड जातं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटली आणि २५ जण होरपळून गेले. त्या बसनं रात्री जेवणासाठी कारंजाला थांबा घेतला होता. त्या रस्त्यानं वाचणारे तास मोजताना ती रात्रही हिशेबात धरली पाहिजे; सुसाट सरळ रस्त्यावर पहाटे डोळा लागणं हा त्या वेगाचाच भाग आहे.

तिसरा मार्ग रेल्वेचा, आणि खरं सांगायचं तर वाशिम अजून त्यावरच जगतं. अकोला–पूर्णा हा मार्ग आधी मीटरगेज होता. २००८ च्या सुमारास रुंद झाला. आता नरखेड–काचीगुडा इंटरसिटीसारख्या गाड्या अकोला, वाशिम, हिंगोली, वसमत करत पूर्णेला वळसा घालून नांदेड गाठतात. शिवणी ते नांदेड हवेतला पाऊण तास जमिनीवर साडेतीन-चार तासांचा होतो. बाजूनं अकोला–संगारेड्डी राष्ट्रीय महामार्ग १६१ जातो. तोही पातूर, मालेगाव, वाशिम, हिंगोली, नांदेड असाच. म्हणजे रेल्वे, रस्ता आणि आकाशातली ती कल्पित रेघ, तिघं एकाच पट्ट्यातून चालतात. हा पट्टा वऱ्हाड आणि मराठवाडा यांना जोडणारा. निजामाचं राज्य आणि इंग्रजांचा वऱ्हाड यांच्यातली जुनी हद्द वाशिम आणि हिंगोलीच्या मध्येच कुठंतरी होती.

कारंजाकडं पूर्वी आणखी एक गाडी होती. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची नॅरोगेज, लोकांच्या तोंडी शकुंतला. कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जावा म्हणून घातलेली, आणि स्वातंत्र्यानंतरही किती तरी वर्षं किलिक निक्सन या कंपनीच्या मालकीची. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. मग डिझेल आलं. गाडी तासाला वीस किलोमीटर जेमतेम कापायची. लोक हसायचे, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढायचे, तरी तिनंच जायचे, कारण भाडं परवडायचं आणि ती दारातून जायची. बंद पडली तेव्हा तिच्या वेगाचं कोणालाच दुःख नव्हतं. गावचं स्टेशन गेलं, हे दुःख होतं.

छोट्या अंतराची विमानं जगात चालतातच. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये जगातलं सर्वांत छोटं नियमित विमान उडतं. अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळ दीड-दोन मिनिटं. वारा अनुकूल असताना ५३ सेकंदांतही ते उतरलेलं आहे. बसायला आठ-दहा माणसं, सरकारी अनुदान. तिथं ते चालतं कारण मध्ये समुद्र आहे. डॉक्टर, शिक्षक, शाळकरी मुलं त्यानं जातात, आणि वादळ असलं की दुसरा मार्गच उरत नाही. शिवणी आणि नांदेडमध्ये समुद्र नाही. पैनगंगा आहे, तिच्यावर पूल आहेत. दोनशे किलोमीटरच्या आत, सपाट जमिनीवर, दोन्ही टोकांना रेल्वे असताना कोणी विमान चालवलं तर तो पैसे जाळण्याचा उद्योग होईल. विमानाचं इंधन सर्वांत जास्त खर्च होतं ते चढताना, आणि अशा उड्डाणात चढणं संपेपर्यंत उतरायची वेळ येते. तेव्हा ती रेघ रिकामी आहे याचं मला वाईट वाटत नाही.

या रेघेहून जुनी एक रेघ वाशिमवरून जाते, आणि तिची गोष्ट जास्त रंजक आहे. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. १९३९ मध्ये दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमला सापडला आणि या शाखेचा इतिहास जागेवर बसला. पण ज्योतिष्यांना वत्सगुल्म वेगळ्या कारणानं माहीत होतं.

ग्रीनविच येण्याआधी आपल्याकडं रेखांश लंका आणि उज्जयिनीतून जाणाऱ्या रेषेवरून मोजत. भास्कराचार्यांनी ११८३ च्या ‘करणकुतूहला’त या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगितली आहेत. दक्षिणेकडून निघून देवकन्या, कांची, पर्यली आणि मग वत्सगुल्म, पुढं उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि शेवटी मेरू. पर्यली म्हणजे परळी वैजनाथ असं मानतात. वाशिममध्ये आजही मध्यमेश्वराचं देऊळ आहे आणि ही रेषा तिथूनच जात होती असं गावात सांगतात.

आता आपण या यादीची परीक्षा घेऊ शकतो. उज्जैनचा रेखांश सुमारे ७५.८ पूर्व, वाशिमचा ७७.१, कुरुक्षेत्राचा ७६.८. म्हणजे वाशिम आणि कुरुक्षेत्र एकमेकांना जवळजवळ सरळ. उज्जैन मात्र वाशिमच्या पश्चिमेला १४० किलोमीटरच्या आसपास. कांचीची गोष्ट तर आणखी बिघडते. ती उज्जैनच्या रेषेपासून पूर्वेला चारशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. ज्योतिषी अडाणी होते असा याचा अर्थ नाही. अक्षांश मोजणं सोपं: ध्रुवाची उंची पाहा किंवा विषुवदिनी शंकूची सावली मोजा. रेखांशाला मात्र आभाळात असा काही खांब नाही, कारण पृथ्वी फिरते आणि सगळे तारे सगळ्यांच्या डोक्यावरून जातात.

त्यावर उपाय होता वेळेचा. चंद्रग्रहण जगात जिथं जिथं दिसतं तिथं एकाच क्षणी लागतं, पण प्रत्येक गावचं घड्याळ आपल्या सूर्याप्रमाणं चालतं. उज्जयिनीसाठी गणितानं काढलेली ग्रहणाची वेळ आणि आपल्या गावात प्रत्यक्ष पाहिलेली वेळ, यांतला फरक म्हणजे देशांतर. एका घटिकेला सहा अंश. मग भास्कराचार्यांच्या पृथ्वीचा परीघ, ४,९६७ योजनं, त्या गावच्या अक्षांशाप्रमाणं कमी करायचा आणि योजनांत अंतर काढायचं. वाशिमचं दुपारचं ऊन उज्जैनच्या साडेपाच मिनिटं आधी डोक्यावर येतं; पळांत सांगायचं तर साडेतेरा पळं. पाण्यात बुडणारं घटिकापात्र आणि ग्रहण लागलं की नाही यावर ताणून पाहणारे डोळे, यांतून अर्धी घटिका इकडं-तिकडं होणं काही विशेष नव्हे. अर्धी घटिका म्हणजे तीन अंश, म्हणजे तीनशे किलोमीटरची चूक. एवढ्या चुकीच्या काठावर उभं राहून वाशिम सव्वा अंशाच्या आसपास सापडावं हे मला कौतुकाचं वाटतं. कांची चुकली याचं कौतुक थोडं कमी.

तेव्हा लोक वेळेवरून अंतर काढत होते. आज उपग्रहामुळं अंतर मीटरपर्यंत बरोबर सापडतं आणि वेळ मात्र सांगता येत नाही. वैमानिक आजही अंतर नॉटिकल मैलांत मोजतात. असा एक मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर. शिवणी ते नांदेड त्यांच्या मापात ९२ मैल. दोन्हींमधला अक्षांशाचा फरक ९१ मिनिटांचा आहे, म्हणजे ही रेघ जवळजवळ शुद्ध दक्षिणोत्तर. म्हणून ती त्या जुन्या मध्यरेषेला इतकी चिकटून जाते. जुने ज्योतिषी आणि आजचा वैमानिक या एका बाबतीत एकाच भाषेत बोलतात.

पण वाशिमच्या माणसाचा वेळ खर्च होतो तो प्रतीक्षेत. आठवड्यातून तीन दिवस विमान, दिवसाआड धरलं तर मध्ये दोन, दोन आणि तीन दिवसांची अंतरं. आठवड्यातल्या कुठल्याही क्षणी एखाद्याला मुंबई गाठायची गरज पडली, तर पुढच्या विमानापर्यंत सरासरी २९ तास थांबावं लागतं. पावणेदोन तासांच्या उड्डाणाआधी एकोणतीस तास. लग्नाला हे चालतं, तारीख ठरवून जाता येतं. मयतीला चालत नाही. नोकरीच्या मुलाखतीला चालतं, रुग्णाला चालत नाही. विमानतळाचं उद्घाटन होतं तेव्हा धावपट्टीची लांबी छापून येते. आठवड्यात किती फेऱ्या, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत. मला विचाराल तर तीच ओळ मथळ्यात हवी. दिवसाला एक विमान असलं तर प्रतीक्षा सरासरी बारा तासांवर येते, आणि मग विमानतळ पाच-दहा किलोमीटर दूर असला काय नि जवळ असला काय.

कधी कधी अंतर कापण्याचा सर्वांत चांगला मार्ग प्रवासच वाचवणं हा असतो. २०२४ मध्ये राज्यात दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यात वाशिम आहे आणि शेजारचं हिंगोलीही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचं उद्घाटन झालं. ती नीट उभी राहायला वर्षं लागतील, पण ज्या दिवशी वाशिमचा हृदयरोगी नागपूरला न जाता गावातच उपचार घेईल, त्या दिवशी त्याचे २२७ किलोमीटर हवेतले आणि त्याहून जास्त रस्त्यावरचे वाचतील. त्या अंतराची नोंद कुठल्या यादीत होत नाही.

पोहरादेवीला जाणाऱ्यांचा हिशेब तर आणखी निराळा. मानोरा तालुक्यातलं हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थ; सेवालाल महाराजांची समाधी. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथं बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. तेलंगणातून, कर्नाटकातून भाविक इथं येतात. या समाजानं शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खन ओलांडलं. त्यांचं अंतर मुक्कामांत मोजलं जायचं: पाणी कुठं, चारा कुठं, रात्र कुठं काढायची. आजचा हैदराबादचा भाविक गाडीनं नांदेड ओलांडून वर येतो. विमान त्याच्या वाटेत येत नाही, यायची गरजही नाही.

जिल्ह्याच्या आत मात्र विमानतळ सारखा वाटला गेलेला नाही. कारंजा, म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, बेलोऱ्यापासून सरळ रेषेत ४४ किलोमीटर. तिथल्या माणसाला मुंबईचं विमान तासाभराच्या अंतरावर आलं आहे. रिसोड तेच विमान पकडायला १३५ किलोमीटरवर. त्याला नांदेड १०४ वर पडतं आणि छत्रपती संभाजीनगर १४५ वर. रिसोडच्या माणसानं आधी कुठलं विमान कुठं जातं ते पाहावं लागतं, आणि मग घरातून कुठल्या दिशेनं निघायचं ते ठरवावं लागतं. मालेगावच्या चौकात एक रस्ता अकोल्याकडं जातो, एक वाशिमकडं, आणि समृद्धीचा चढ तिथून फार लांब नाही. शिवणीची धावपट्टी वाढली तर सगळ्यांत जास्त फायदा या मालेगावचा. आज तरी मालेगावकर त्या चौकातून गाडीनंच निघतो.